तेलाचं वलय

१

राममूर्तीमामा गुंडुशेडमध्ये पडलेत, लगेच या, एवढाच निरोप घेऊन जटकेवाला इस्पितळाच्या दाराशी उभा होता. डॉक्टर कनकलता रात्रभर एका अडलेल्या बाईपाशी बसून होती. उजाडल्यावर मूल रडलं, तिनं हात धुतले, आणि कापीचा टंबळर ओठाला लावणार तोच हा निरोप आला. टंबळर तसाच ठेवून ती जटक्यात चढली. सबंध वाटभर तिला एका जागी बसवेना. घोडा धावत होता तरी आपणच उतरून पळावं असं तिला वाटत होतं.

गुंडुशेड म्हणजे तंजावूरच्या त्यांच्या क्लबाची लांबलचक पत्र्याची शेड. रेल्वेतला एक इंग्रज इंजिनीयर ती जाताना मागे ठेवून गेला होता. आत लाकडी फळ्यांच्या दोन लांब लेन होत्या. टोकाला दहा पिना मांडायच्या आणि अलीकडून जड काळा गुंडू घरंगळवून त्या पाडायच्या, असा खेळ. दुसऱ्या दिवशी त्रिचीच्या क्लबाशी सामना ठरला होता. मामा क्लबाचे सेक्रेटरी, आणि कनकलता संघातली पहिली बाई.

मामा पहिल्या लेनवर, पांढऱ्या रेघेच्या पलीकडे उताणे पडले होते. डोक्याखाली रक्ताचं थारोळं साचलं होतं. सदरा पाठीकडून तेलानं थबथबलेला होता. पलीकडच्या टोकाला पिना आडव्या झाल्या होत्या आणि खड्ड्यात मामांचा रबरी गुंडू पडला होता. अंगात अजून ऊब होती, पण नाडी नव्हती.

भोवती तिघे होते. शेडचा रखवालदार सुब्रह्मण्य भिंतीशी उकिडवा बसून रडत होता. विलायतेहून नुकताच परतलेला कालव्यांचा इंजिनीयर सांबशिव खिशात हात घालून येरझारा घालीत होता. आणि संघाचे म्हातारे कप्तान रघोजीकाका उघड्या खांद्यांनी खांबाला टेकले होते. कनकलतेच्या हाताला या खेळाचं वळण लावलं ते त्यांनीच.

तिच्याआधी येऊन पोचलेल्या पोलीस इन्स्पेक्टरांचा निष्कर्ष झाला होता. सरावासाठी मामा पहाटे एकटे आले, गुंडू टाकताना तोल जाऊन रेघ ओलांडली, तेलावरून पाय घसरला आणि डोकं आपटलं. एवढं तेल ओतणारा सुब्रह्मण्य, तेव्हा निष्काळजीपणाबद्दल त्याला घेऊन जायचं.

कनकलतेनं मामांचे डोळे मिटले. हात स्वस्थ राहीनात, म्हणून तिनं त्यांच्या पायांतले कॅनव्हासचे जोडे काढायला घेतले, आणि एक जोडा तिच्या हातातच राहिला. तळाला पांढरी धूळ होती. तिनं बोटानं चोळून पाहिलं, मग दुसराही उलटा केला.

तेलावरून घसरून मेलेल्या माणसाच्या जोड्यांना तेलाचा थेंबही लागलेला नव्हता.

२

तिनं तिथं काही बोलून दाखवलं नाही. इन्स्पेक्टरांना बाजूला घेऊन फक्त जोडे दाखवले आणि मागच्या जखमेवर बोट ठेवलं. सपाट फळीवर डोकं आपटलं तर कवटी चेपते. इथं एक अरुंद, सरळ चीर होती. गुंडू परत येण्यासाठी लेनच्या बाजूनं लोखंडी रूळ बसवला होता. त्याच्यावर धूळ होती, फक्त अलीकडच्या कडेला वीतभर भाग पुसून लख्ख केलेला. मामा तिथं पडले होते. मग कुणी तरी त्यांना ओढून तेलावर नेऊन ठेवलं होतं.

इन्स्पेक्टर वयानं लहान पण समंजस होते. सुब्रह्मण्याला त्यांनी तूर्त घरी जाऊ दिलं आणि गुंडू तसाच कापडात गुंडाळून ठेवला. चौकशी करायला त्यांची हरकत नव्हती, मात्र आपल्या माणसांची चौकशी करणं जड जाईल, असं ते म्हणाले.

जड जाणार हे तिला ठाऊकच होतं. पण घरी जाऊन बायकांत बसणं त्याहून जड होतं. मामांना न्यायला माणसं आली, तरी ती लेनच्या कडेनं हिंडतच राहिली.

तेलाचं प्रकरण गेला महिनाभर क्लबात धुमसत होतं. इतकी वर्षं लेनवर नावापुरतं तेल फिरवायचं, त्यामुळे जुन्या फळ्या झिजत चालल्या होत्या. मामांनी ठरवलं की आता जाड थर द्यायचा, फळ्याही टिकतील आणि खेळाडूंचा कसही लागेल. कोरड्या लेनवर कुठलाही गुंडू शेवटाला वळण घेतो. दाट तेलावर गुळगुळीत गुंडू साबणासारखा सुळकन निघून जातो, वळायचं नाव घेत नाही. तिथं रबराचा, निस्तेज कातडीचा गुंडू हवा. मामा आपला गुंडू बारीक पॉलिशकागदानं घासून घासून मुद्दाम खरबडीत ठेवीत. दर फेकीनंतर जुन्या पंचानं पुसून घेत, कारण रबर तेल पितं आणि प्यालेला गुंडू पकड सोडतो. रॉकेलात बुचकळायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, हे त्यांनी कनकलतेला इतक्यांदा बजावलं होतं की तिनं ऐकणंच सोडून दिलं होतं.

ती गुडघ्यांवर बसून लेनकडे तिरकं पाहू लागली. तेल आरशासारखं चमकत होतं. पण उजव्या अंगाला, अर्ध्या वाटेपासून पिनांपर्यंत, हातभर रुंदीचा पट्टा मंद दिसत होता. तिनं तळहात फिरवला. फळी कोरडी होती.

कुणी तरी लेन पुसायला आलं होतं, आणि पुसणं अर्धवट राहिलं होतं.

३

सुब्रह्मण्य तिला आपल्या घराच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, भेटला. तो तमिळमध्ये बोलत होता आणि मधेच रडत होता. आदल्या संध्याकाळी मामांनी स्वतः समोर उभं राहून दोन्ही लेनला तेल लावून घेतलं, तेव्हा कुठंही कोरडं राहिलं नव्हतं. दाराच्या किल्ल्या तिघांकडे: तो, सेक्रेटरी आणि कप्तान. पण मागची खिडकी नीट लागत नाही, हे सगळ्या क्लबाला माहीत. पहाटे तो बायकोला घेऊन मोठ्या देवळात गेला होता. परतल्यावर दार उघडं दिसलं. त्यानं आत डोकावून आरडाओरडा केला तेव्हा रस्त्यावरून सायकलनं जाणारा सांबशिव पहिला आत धावला.

सांबशिव एवढ्या सकाळी त्या रस्त्यावर कशासाठी होता?

हे विचारायला ती त्याच्या बंगल्यावर गेली. तो खुर्चीत बसला नाही, तिलाही बसा म्हणाला नाही. मामांशी आपलं भांडण झालं होतं हे त्यानं न विचारता सांगितलं. विलायतेहून त्यानं नव्या पद्धतीचा प्लॅस्टिकचा गुंडू आणला होता, लाल संगमरवरासारखा झळझळीत. तेल लावल्यापासून तो गुंडू निकामी झाला होता. मामांनी त्याला रबरी गुंडू घे म्हणून सांगितलं, तर हा म्हणाला की जग पुढे जातं आहे आणि तुम्ही शेडची तेलाची घाणी करून ठेवली आहे. ते शब्द आता त्याला खात होते. पहाटे तो कालव्याच्या दरवाज्यांवर पाण्याची पातळी पाहायला निघाला होता, पण बरोबर कुणी नव्हतं.

"तुमचा माझ्यावर संशय आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "मी तुमच्या जागी असतो तर मलाही आला असता."

बोलता बोलता त्यानं टेबलावरचा लाल गुंडू उचलून दुसरीकडे ठेवला. कनकलतेची नजर त्याच्या हातावर खिळली. डावा हात. सांबशिव डावखुरा आहे हे तिला माहीत होतंच, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. डावखुऱ्याचा गुंडू डाव्या कडेनं जातो आणि उजवीकडे वळतो. त्यानं लेन पुसली असती तर डावी बाजू पुसली असती. उजवा पट्टा त्याच्या काहीच कामाचा नव्हता.

तो कोरडा पट्टा उजव्या हातानं वळण देणाऱ्यासाठी होता. क्लबात तसे खेळणारे दोघंच होते, आणि त्यांतली एक ती स्वतः होती.

४

रघोजीकाकांच्या घरी जाताना ती दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा मात्र दार ढकलून आत गेली.

काका झोपाळ्यावर बसले होते, झोपाळा स्थिर होता. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. राममूर्ती गेला, आता या क्लबात मला अरे म्हणणारा कुणी उरला नाही, असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखरच फाटला. ते दुःख नाटकी नव्हतं, आणि त्यामुळेच ती अधिक अस्वस्थ झाली.

कोपऱ्यात मखमलीवर त्यांचा गुंडू ठेवलेला होता, काळा कुळकुळीत, त्यात तोंड दिसेल असा. इंग्रज इंजिनीयरनं जाताना बक्षीस दिलेला. मामांनी त्यांना कितीदा सांगितलं होतं की रघोजी, त्याची चकाकी उतरव, पॉलिशकागद फिरव, तेलावर धरेल. काका प्रत्येक वेळी हसून विषय बदलत.

तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, सकाळी अंगवस्त्र कसं नव्हतं तुमच्या खांद्यावर? जरीकाठी अंगवस्त्राशिवाय काका तिण्णैवरसुद्धा येत नसत.

"निरोप आला तसाच उठून धावलो," ते म्हणाले. "कशास विचारतेस?"

"सहजच," ती म्हणाली. पण दोरीवर वाळत घातलेल्या वेष्ट्या-धोतरांत, खुंटीवर, झोपाळ्याच्या कडीवर, कुठंच ते अंगवस्त्र नव्हतं. काकांनी तिची नजर हेरली आणि उजवं मनगट डाव्या हातानं चोळू लागले. त्या मनगटाला गेल्या पावसाळ्यापासून सूज येत होती. औषध तिचंच चालू होतं.

ती तिथून थेट पोलीस ठाण्यावर गेली आणि खड्ड्यात सापडलेला मामांचा गुंडू पाहायला मागितला. कापड उलगडलं, आणि इतका वेळ तिची भिरभिरणारी बोटं एकदम थांबली.

गुंडूवर तेलाचं वलय होतं. ते तर असायलाच हवं, तेलावरून गेलेल्या गुंडूवर ते उमटतंच. पण या गुंडूवर ते चुकीच्या जागी उमटलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सामना झाला नाही. त्रिचीला तार गेली होती. सकाळच्या उन्हात कनकलतेनं तिघांना शेडमध्ये बोलावून घेतलं. इन्स्पेक्टर दाराशी उभे राहिले.

तिनं मामांचा गुंडू बाकावर ठेवला. तेलाच्या वलयावरून तिनं आदल्या दिवशीच, इन्स्पेक्टरांच्या देखत, खडूनं रेघ ओढून ठेवली होती. मग तिनं समजावून सांगितलं. गुंडू घरंगळताना ज्या रेषेवर टेकतो तिथं तेल लागतं. ती रेषा हाताच्या वळणावर ठरते, ज्याची त्याची निराळी. मामा सरळ टाकीत. त्यांचं वलय अंगठ्याच्या आणि बोटांच्या छिद्रांमधून जाई, लिंबाच्या दोन सारख्या फोडी कराव्यात तसं. ती वर्षानुवर्षं त्यांचा गुंडू पुसत आली होती. आणि खडूची रेघ मात्र अंगठ्याच्या डाव्या बाजूनं, वाटीच्या काठाएवढी लहान होती.

"मामांनी हा गुंडू टाकलेलाच नाही," ती म्हणाली. "त्यांना तेलावर ठेवल्यानंतर कुणी तरी तो त्यांच्या नावानं टाकला. नुसता खड्ड्यात ठेवला असता तर कोरडा राहिला असता आणि संशय आला असता, एवढं त्या माणसाला कळत होतं."

दुसऱ्या लेनवर तेल जसंच्या तसं होतं. प्रत्येकानं हा गुंडू एकदा टाकायचा, मग वलय पाहून पुसून पुढच्याला द्यायचा. सुब्रह्मण्य कधी खेळलेला नसल्यामुळे त्यानं तो दोन्ही हातांनी ढकलला, वलय छिद्रांवरूनच वेडंवाकडं गेलं. सांबशिवानं डाव्या हातानं टाकला, वलय अंगठ्याच्या उजवीकडे उमटलं. त्यानं मोठा श्वास सोडला आणि काल सकाळपासून पहिल्यांदाच तो खाली बसला.

काकांनी गुंडू घेतला नाही. "आधी कनकानं टाकावा," ते म्हणाले.

तिनं पंचानं गुंडू कोरडा केला, लेनसमोर उभी राहिली, आणि जसं तिला शिकवलं होतं तसाच टाकला. तेलावरून घसरत गेलेला तो खरबडीत गुंडू शेवटाला पकड घेऊन आत वळला. सुब्रह्मण्यानं तो रुळावरून परत लोटला. इन्स्पेक्टरांनी वाकून पाहिलं.

ओलं वलय खडूच्या रेघेवर तंतोतंत बसलं होतं.

६

इन्स्पेक्टर कनकलतेकडे वळले, आणि त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला. काल पहाटे आपण कुठं होता, डॉक्टर?

तिनं उत्तर दिलं नाही. इस्पितळातली ती बाई, सुईण, दोन परिचारिका, सगळ्यांची नावं तिच्या जिभेवर होती. तिनं ती गिळली आणि काकांकडे पाहत राहिली. पत्रा तापून तडतडत होता. इन्स्पेक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारला. ती पुन्हा गप्प. सांबशिव अविश्वासानं तिच्याकडे बघू लागला. एका क्षणी तिला वाटलं की काका बोलणारच नाहीत, खांबाला टेकून हे सगळं होऊ देतील.

मग रघोजीकाका पुढे आले.

"ते माझं वलय आहे," ते म्हणाले. "हिला मीच शिकवलं, म्हणून हिचंही तसंच उमटतं. पोरीला सोडा."

पुढचं त्यांनी उभ्यानंच सांगितलं. पूर्वी त्यांच्या मनगटात एवढा जोर होता की गुंडू कसाही असो, कसल्याही लेनवर वळे. आता मनगट गेलं होतं. खरबडीत गुंडू घेतला असता तर जमलं असतं, पण साहेबानं दिलेल्या गुंडूवर कागद फिरवणं म्हणजे रघोजी संपला असं आपणच जाहीर करणं. त्यापेक्षा पहाटे येऊन आपल्या बाजूचं तेल अंगवस्त्रानं टिपून घ्यावं, कुणाला कळणार होतं? अर्धं टिपून होतंय तोवर राममूर्ती आला. तो रागावला नाही, हसला. म्हणाला, रघोजी, एवढं कशाला, उद्या कप्तान म्हणून मी कनकाचं नाव देतो आहे, तू बाकावर बस आणि मजा बघ. काकांनी त्याला ढकललं. एकदाच. तो रुळावर पडला. अंगवस्त्र नंतर नव्या कालव्यात सोडून दिलं.

"मारायचं मनात नव्हतं," ते म्हणाले, आणि मग कनकलतेकडे वळले. "तू काल पहाटे इस्पितळात होतीस. हे आत्ता माझ्या ध्यानात आलं. मग गप्प कशास राहिलीस?"

"तुम्ही बोलता का, ते पाहायचं होतं."

काकांचे डोळे भरून आले. तिला वाटलं, इथंच थांबावं. पण एक प्रश्न कालपासून तिला बसू देत नव्हता, आणि तो कायदा विचारणार नव्हता, तिलाच विचारायला हवा होता.

"रक्त रुळापाशी साचलं नव्हतं, काका. तिथलं पुसून टाकण्याजोगंच होतं. थारोळं झालं ते लेनवर. मेलेल्या माणसाचं रक्त असं वाहत नाही. तुम्ही त्यांना ओढून नेलंत तेव्हा मामांचा श्वास चालू होता का?"

काकांनी मान खाली घातली.

"होय," ते म्हणाले.

"इस्पितळ जटक्यानं दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. मी तिथंच होते."

इन्स्पेक्टरांनी त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा ते मुकाट्यानं निघाले. सुब्रह्मण्यानं सवयीनं त्यांच्यासाठी दार धरलं.

७

मामांच्या घरी वेंकूबाई मामी मागच्या अंगणात पायरीवर बसल्या होत्या. घरात पाहुण्यांची ये-जा चालू होती, पण त्यांनी सगळ्यांना आत घालवलं आणि कनकलतेला शेजारी बसवून घेतलं. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. रघोजीच्या घरच्या माणसांनी येऊन पायावर डोकं ठेवलं, आता ती आत उत्तराची वाट पाहत बसली आहेत, असं त्यांनी सांगितलं. अपघातच झाला, जुना स्नेह आहे, कनकानं साक्षीत जास्त काही बोलू नये, असं त्यांचं मागणं होतं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, तिला विचारून सांगते." मामींनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "रघोजीनं तुला वेळेवर हाक मारली असती, तर हे वाचले असते?"

कनकलतेनं पुष्कळ नातेवाइकांना पुष्कळदा या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. देवाची इच्छा, फार उशीर झाला होता, त्रास झाला नाही. हे सगळे शब्द तिच्यापाशी तयार होते. तिला त्या म्हाताऱ्याचा हात आठवला, लहानपणी तिच्या मनगटाला धरून वळण दाखवणारा. आणि खांबाला टेकून उभे असलेले उघडे खांदे आठवले.

"खात्रीनं नाही सांगता येत, मामी. पण वाचले असते असं मला वाटतं."

मामींनी विहिरीच्या काठावर वाळत टाकलेल्या मामांच्या कपड्यांकडे पाहिलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मग कोर्टात हेच सांग," त्या म्हणाल्या. "कमीही नको आणि जास्तही नको." आणि उठून त्या आत थांबलेल्या रघोजीच्या माणसांना आपला निर्णय सांगायला गेल्या.